माझी नसलेली काठी

नागपूरहून आलेलं लांबट पार्सल मी शेडमध्ये उघडलं. आतली काठी बाहेर काढली आणि सगळ्यात आधी नजर गेली ती बुडाजवळच्या पानावर. शिंपल्याचं, बोटाच्या नखाएवढं मोसंबीचं पान. मी केलेल्या प्रत्येक काठीवर ते असतं. सही म्हणा. मोसंबीच्या बागांच्या जालन्यात राहणाऱ्या माणसाला दुसरं कुठलं पान सुचणार?

काठी म्हणजे पूल खेळायची, टेबलावरचे रंगीत गोळे खळग्यांत ढकलायची. खेळणारे तिला क्यू म्हणतात, पार्लरवाले स्टिक म्हणतात, आमच्या घरात ती काठीच. नागपूरच्या त्या खेळाडूने फोनवर लिहिलं होतं, "टोकाचं चामडं झिजलंय, नवं बसवून द्या. आणि हिच्यासारखीच दुसरी करा. तुमच्या याआधीच्या काठ्याही वापरल्यात, पण ही सगळ्यात सरस आहे."

वाचून बरं वाटलं. बायको चहा घेऊन आली होती, तिलाही वाचून दाखवलं. मग चहाचा कप खाली ठेवून मी काठी दोन्ही हातांत घेतली, आणि उलटसुलट करून बघत राहिलो.

"काय झालं?" ती म्हणाली.

"ही मी केलेली न्हाई."

"पान तर हाय."

"पान हाय. पण काठी माझी न्हाई."

मी मूळचा टर्नर. रोलिंग मिलला लागणारे रोल, शाफ्ट, बुश हे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर करायचो. लोखंडाशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नव्हता. मग शहरात पूलची पार्लरं निघाली आणि ओळखीतल्या एकाने त्याच्या वाकड्या झालेल्या काठ्या माझ्याकडे आणून टाकल्या. लाकूड लेथवर लावलं आणि पहिल्यांदा जेव्हा लोखंडाच्या करकरीऐवजी तो मऊ सळसळाट ऐकला तेव्हाच माझं काहीतरी ठरलं असावं. वर्कशॉप सुटलं, घरामागच्या शेडमध्ये जुनी लेथ आली, आणि काठ्या हेच काम झालं. आता देशभरातून मागण्या येतात. खूप नाहीत, पण हात रिकामा राहत नाही.

पूलची काठी दोन तुकड्यांची असते. पुढचा भाग सडपातळ, फिकट लाकडाचा. मागचा जाड, गडद, हातात धरायचा. मधल्या पितळी आट्यांवर दोन्ही फिरवून जोडायचे. पुढच्या भागाला मी परदेशातून येणारं मेपलचं लाकूड वापरतो. या काठीचं पुढचं लाकूड मेपल नव्हतं. रंग किंचित पिवळसर, रेघा लांबच लांब. टोक धरून हलकेच वाकवलं तर वाकलं, सोडलं तर टक्कन सरळ झालं, आणि त्याची थरथर माझ्या तळहातात येऊन विरली. असं लाकूड मी कधी कातलं नव्हतं.

जोडावरून नख फिरवून पाहिलं. नख कुठे अडलं नाही. माझ्या जोडावरही अडत नाही, पण माझ्याकडे त्यासाठी लेथ आहे. इथे लाकडावर बारीक हत्याराच्या खुणा दिसत होत्या. कोणीतरी हा जोड हाताने तासून बसवला होता.

शेवटी भिंग घेऊन पान पाहिलं. ते शिंपल्याचं नव्हतंच. शर्टाच्या बटणातून कापलेलं होतं. बटणाचं एक भोक पानाच्या पोटात आलं होतं, ते कशाने तरी भरून इतकं सपाट घासलं होतं की भिंगाशिवाय दिसलं नसतं. आणि देठाजवळ एक बारीक तिरकी रेघ होती.

ती रेघ मी ओळखली. एका काठीचं पान घासताना माझी कानस निसटली होती आणि देठाजवळ तसाच ओरखडा उठला होता. घेणारा पुढ्यात बसून होता, त्याला दिसलंही नाही, मी तसंच राहू दिलं. इथली रेघ मात्र निसटलेल्या कानशीची नव्हती. कोणीतरी शांतपणे, टोकदार हत्याराने, बरोबर तेवढ्याच लांबीची कोरली होती.

राग आला. माझं पान दुसऱ्याने वापरलं याचा तर आलाच, पण त्याहून जास्त वेगळ्याच गोष्टीचा आला. माझ्या सगळ्या काठ्यांमध्ये सरस म्हणून जी निवडली, ती नेमकी माझी नव्हती.

काठ्या करणाऱ्यांचा आमचा एक फोनवरचा गट आहे. देशातल्या वेगवेगळ्या शहरांतले कारागीर त्यात आहेत. लाकूड कुठे मिळतं, कुठलं पॉलिश चिकट होतं, असल्या गोष्टी बोलतो, आणि वर्षातून एकदा कुठेतरी भेटतो. त्या गटात मी पानाचा फोटो टाकला. भराभर उत्तरं आली. कोण आहे तो शोधा, त्याचा फोटो टाका, पार्लरवाल्यांना सावध करा. सगळे माझ्या बाजूचे. संध्याकाळी हैदराबादच्या एका म्हाताऱ्या कारागिराचा आवाजी निरोप आला. त्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणतो. ते म्हणाले, "मियाँ, पैले जाके उस आदमी का हात देखो. नाम का बाद में देखेंगे."

ओरखड्याची ती मूळ काठी मी भोकरदनच्या एका पार्लरवाल्याला दिली होती. दुसऱ्या दिवशी त्याला फोन लावला. तो बिलकुल लपवालपवी न करता बोलला.

"हौ, तुमची काठी नमुना म्हणून दिल्ती मी राजूरच्या सुताराला. तुमच्याकडं नंबर लागायला लई टाईम लागतो ना भाऊ. त्याला म्हणलं, हुबेहूब अशीच पाहिजे. त्यानं करून दिल्या दोन. एक माझ्यापाशीच हाय. दुसरी ते नागपूरचे पाव्हणे लग्नाला आल्ते, त्यांनी बघितली आन घेऊनच गेले."

"माझी म्हणून दिली का?"

"मी कुठं म्हणलं तुमची हाय? त्यांनी पान बघितलं आन तेच म्हणले, जालन्याची का? मी काई बोललो न्हाई." मग तोच म्हणाला, "बोलाया पाहिजे होतं."

मी राजूरला निघालो तेव्हा बायको पायात चपला घालून दारात उभी होती.

"भांडायला चाललात का बघायला?"

"माहीत न्हाई."

"मंग मीबी येते. गणपतीचं दर्शनबी हुईल."

चतुर्थी नव्हती, त्यामुळे देवळात गर्दी नव्हती. दर्शन जल्दी झालं. खाली नारळ-प्रसादाच्या दुकानांत विचारलं तर पहिल्याच माणसाने हात करून गल्ली दाखवली. गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड, बाहेर बाभळीचे ओंडके, आणि आत एका दोरीला ओळीने टांगलेली लाटणी. पाण्याच्या मोटारीवर पट्टा चढवून लाकूड कातायचा खराद फिरवलेला होता आणि त्यावर साठीतले एक गृहस्थ पाळण्याचा पाय कातत होते. डोक्याला टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आम्हाला बघून त्यांनी मानेनेच बसा म्हटलं आणि हातातलं काम संपवूनच मोटार बंद केली. ते मला आवडलं. मीही चालू काम सोडून उठत नाही.

रस्ताभर मी मोटारसायकलवर वाक्यं जुळवत आलो होतो. त्यातलं एकही आठवेना. मी पिशवीतून काठी काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

"मामा, ही तुम्ही केली का?"

त्यांनी काठी हातात घेतली, फिरवली, आणि त्यांचा चेहरा उजळला. पोरगी सासरहून आल्यावर बाप बघतो तसं ते तिच्याकडे बघत होते.

"हौ, माझ्याच हातची. तुमाला कुठं घावली?"

"आणि हे पान?"

"त्या पानानंच लई दिवस खाल्ले," ते उत्साहाने सांगू लागले. "नमुन्यातलं व्हतं शिंपल्याचं. आता राजुरात शिंपला कुठून आणू? मंग जुन्या सदऱ्याची बटनं काढली. एक कापताना फुटलं, दुसरं फुटलं. आन ही देठापाशी रेघ हाय ना, ती तर जमंचना. एवढी बारीक, आन तिरपी. ज्यानं केली त्याचा हात लई भारी आसंल."

बायकोने पदर तोंडाला लावला आणि लाटण्यांकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलताना मला दिसत होते.

"मामा," मी म्हणालो, "त्या रेघेला माझी कानस निसटली होती."

त्यांनी त्या रेघेवर अंगठा फिरवला.

"नमुन्याची काठी मी केलेली आहे. जालन्यात. आणि हे पान नक्षी नाही. माझी सही आहे. माझ्या हातची काठी आहे हे कळावं म्हणून मी ते पान बसवतो."

मामा स्टुलावर बसले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि पान जवळ धरून पाहिलं, जणू आता त्यावर अक्षरं दिसणार होती.

"सही," ते हळू म्हणाले. "म्हंजे मी दुसऱ्याची सही मारून राह्यलो व्हतो."

"तुम्हाला कुणी सांगितलंच न्हाई."

"न सांगू दे. मारली तर खरं ना?" आणि लगेच उठून त्यांनी भिंतीवरची पटाशी काढली. "आना इकडं. आत्ताच्या आत्ता काढून टाकतो."

मी काठी मागे ओढली. हात आपोआप मागे गेला, विचार नंतर आला. इतकी नीट बसवलेली वस्तू कोणी उकरून काढणार हे माझ्या हातालाच सहन झालं नाही. रागाचं म्हणाल तर तो त्या दोरीला टांगलेल्या लाटण्यांपाशीच कुठेतरी राहिला होता.

"राहू द्या," मी म्हणालो. "आधी मला हा जोड कसा बसवला ते सांगा."

ते जरा घुटमळले, मग कोनाड्यातून एक पत्र्याची डबी घेऊन आले. तिच्यात काजळ होतं. जोडाच्या एका तोंडाला काजळाचा पातळ हात द्यायचा, दुसरं तोंड त्यावर दाबायचं, आणि काळं जिथे लागेल तेवढंच तासायचं. परत काजळ, परत दाबायचं. सगळीकडे सारखं काळं उमटलं की जोड बसला. बैलगाडीच्या चाकाचे आरे बसवताना त्यांचे वडील असंच करायचे म्हणे.

मला हसू आलं. "आम्ही वर्कशॉपमध्ये हेच निळ्या शाईनं करायचो. बेअरिंग बसवताना."

"निळ्या?" त्यांनी विचारलं. "ती दिसती का लोखंडावर?"

"काजळापेक्षा चांगली दिसते."

तिथून पुढे आम्ही कधी खाली जमिनीवर बसलो, चहा कधी आला, काही लक्षात नाही. पुढचं लाकूड कोणतं हे मी विचारलं तेव्हा त्यांनी शेडच्या आढ्याकडे बोट दाखवलं. तिथे दोन जुने दांडे आडवे बांधलेले होते. धामण. साप नव्हे, झाड. डोंगराकडच्या गावांत पूर्वी कावडीला, कुऱ्हाडीच्या दांड्याला हेच लाकूड वापरत. कितीही वाकवा, मोडत नाही. नळ आल्यावर कावडी माळ्यावर गेल्या. मामांनी त्या गोळा करून ठेवल्या होत्या, कधी लागल्या तर असाव्यात म्हणून.

"मी लाकूड कातल्यावर महिनो न् महिने टांगून ठेवतो," मी म्हणालो, "वाकायचं असेल तर वाकून घेऊ दे म्हणून."

"हे तर पन्नास वर्सं टांगलेलंच हाय," मामा म्हणाले. "याला जे वाकायचं ते कवाच वाकून झालं."

मग मीही त्यांना त्यांच्या काठीतलं उणं सांगितलं. त्यांनी वर चपडा लाखेचं पॉलिश दिलं होतं, तळहाताला घाम आला की ते चिकटतं आणि काठी बोटांतून सरकत नाही. वजनही थोडं मागे झुकलं होतं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. पॉलिशला काय वापरता, कुठे मिळतं, एवढंच विचारलं.

बोलत असतानाच गावातली एक बाई हातात झिजलेलं लाटणं घेऊन आली. म्हणाली, "मामा, अस्संच द्या. बाजारातून आणलेल्यानं पोळी फिरंना." मामांनी दोरीवरचं एक काढून दिलं. तिने ते दोन्ही तळव्यांत फिरवलं, अंगठे टोकाशी टेकवून बघितले, आणि समाधानाने निघून गेली.

"बघा," मामा मला म्हणाले, "लाटण्यावर कुणी सही करतं का? तिला बराबर कळतं. मला कशाला सही न् बिही. तुमचं पान काढू, इथून पुढं काठी कोरीच देऊ."

मी काही बोलण्याआधी बायको म्हणाली, "मामा, ती बाई राजूरची हाय. तिला तुमचं घर ठावं. नागपूरचा माणूस काय करणार? त्याला तुमची काठी आवडली आन त्यानं पार्सल धाडलं आमच्या घरी."

मामांनी दोरीवरची लाटणी उगाचच सारखी केली. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी बायकोला एक लाटणं दिलं. ती नको म्हणाली, त्यांनी ऐकलं नाही.

घरी येऊन मी नागपूरला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. मग तो म्हणाला, "म्हणजे मला जी सरस वाटली ती…"

"राजूरच्या मामांची. दुसरी त्यांच्याकडूनच करून घ्या. मी पॉलिश करून देतो."

हे बोलताना तोंड थोडं कडू झालं, नाही असं नाही. पण बोलून झाल्यावर जेवण नीट गेलं.

पुढच्या आठवड्यात मामा एसटीने जालन्याला आले. पिशवीत भाकरी आणि बटणांची पुरचुंडी. भोकरदनला राहिलेल्या आपल्या काठीवरचं पान त्यांनी स्वतः जाऊन, मालकासमोर काढून आणलं होतं आणि त्या जागी साधा शिसमाचा तुकडा बसवला होता. नागपूरच्या काठीवरचं तेवढं मी राहू दिलं होतं. मामांनी बटणं माझ्या टेबलावर पसरली.

"लई विचार केला," ते म्हणाले. "पान तुमचं तुमच्यापाशी. मी बटनच ठेवतो. आख्खं. भोकांसकट."

आणि तीच त्यांची खूण झाली. शिसमाच्या बुडात बसवलेलं पांढरं बटण, चारही भोकं काळ्या शिंगाने भरलेली. पहिल्यांदा बघणारा हसतो. मग बोट फिरवून बघतो आणि बोटाला बटण कुठे सुरू झालं ते कळत नाही, तेव्हा हसू थांबतं.

त्या वर्षी आमच्या गटाची भेट संभाजीनगरला होती. मी मामांना घेऊन गेलो. आमच्यात बक्षीस वगैरे काही नसतं. एका लांब टेबलावर सगळ्यांच्या काठ्या मांडतात, प्रत्येकाच्या खुणेवर कागदी पट्टी चिकटवलेली. दिवसभर हाताळायच्या, पाहिजे तर शेजारच्या टेबलावर खेळून बघायच्या. शेवटी प्रत्येकाने ज्या काठीशी आपली काठी बदलून घ्यायला आवडेल तिच्यापाशी जाऊन उभं राहायचं, आणि ती करणाऱ्याने त्यांतल्या एकाशी बदल करायचा. बस एवढंच. पण काठी विकत घेणारे कितीही स्तुती करोत, करणारा माणूस आपल्या काठीपाशी येऊन उभा राहिला की त्याचं वजन वेगळं असतं. इतक्या वर्षांत माझ्या काठीपाशी क्वचितच कोणी उभं राहिलं आहे, आणि ते कोण होते हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन.

मामा भिंतीला टेकून, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. काठ्यांना हात लावायला संकोचत होते. उस्ताद टेबलाच्या कडेकडेने चालत आले. ऐंशीच्या घरातले, हात किंचित कापणारे. एकेक काठी उचलून नखाने टिचकी मारायची आणि कानाजवळ धरायची ही त्यांची रीत. मामांच्या धामणाच्या काठीला टिचकी मारली आणि ते थांबले. परत मारली. टोक धरून वाकवली, सोडली. डोळे मिटून उभे राहिले.

"ये किसका हात है?" त्यांनी विचारलं.

मामांनी हात वर केला नाही. मीच त्यांच्याकडे बोट केलं. उस्ताद काठी घेऊन त्यांच्याकडे गेले, शेजारची खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "लकडी कौनसी है मियाँ?"

"धामन," मामा म्हणाले. "कावडीचं हाय."

"धामन," उस्ताद म्हणाले आणि हसले. त्यांच्या लहानपणी हैदराबादच्या क्लबांत काठ्या करणारे जुने लोक होते, ते याच लाकडाचं नाव घ्यायचे. पण त्यांनी स्वतः ते कधी पाहिलं नव्हतं. मग ते दोघं बोलत बसले. एक दखनीत, एक मराठवाडीत, आणि कुणालाच काही समजावून सांगावं लागत नव्हतं. बोलता बोलता उस्तादांनी मामांचा उजवा हात आपल्या हातात घेतला होता आणि अंगठ्याजवळचा घट्टा दाबून बघत होते. मामा लाजल्यासारखे खाली बघत होते, पण हात काढून घेतला नाही.

उभं राहायची वेळ आली. उस्ताद तर धामणाच्या काठीपाशी गेलेच, पुण्याचा एक आणि इंदूरचा एक असे आणखी दोघंही तिथे गेले. माझ्या काठीपाशी कोणी नव्हतं. आणि बघतो तर मामा हळूहळू चालत येऊन माझ्याच काठीपाशी उभे राहिले. दोन्ही हात मागे बांधून, ताठ.

जवळ जाऊन म्हणालो, "मामा, माझी आवडली का?"

"आवडली की," ते म्हणाले. "पण मी म्हणलं, ही एकटीच पडली. कुणी उचलून नेऊ न्हाई, म्हणून थांबलो."

ऐकणारे सगळे हसले. मीही हसलो. नंतर रीत समजावून सांगितल्यावर मामांनी उस्तादांशी बदल केला. उस्तादांची काठी त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळून आणली.

परतताना एसटीत मी त्यांना विचारलं, "आता खरं सांगा, माझी काठी कशी वाटली?"

त्यांनी मांडीवरची उस्तादांची काठी सरळ केली. मग म्हणाले, "सरळ लई हाय. एवढं सरळ मला जन्मात जमायचं न्हाई. जोडबी पक्का. पण भाऊ, तुमी लाकडाला लोखंडासारखं धरता. ते भ्यालेलं वाटतं."

असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. स्तुती खूप ऐकली, तक्रारीही ऐकल्या. पण माझ्या काठीत माझं जुनं वर्कशॉप कोणाला दिसलं नव्हतं. मामांना दिसलं. वाईट वाटायला पाहिजे होतं, पण उलट हलकं वाटलं. जालन्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा आम्ही कातताना हत्यार कुठल्या कोनात धरावं यावर बोलत होतो, आणि राजूरची गाडी लागेपर्यंत बोलतच राहिलो.

आता मामा आठ-पंधरा दिवसांनी येतात. माझ्या लेथवर त्यांनी अजून काम केलेलं नाही, ती फार जोरात पळते म्हणतात. मी मात्र त्यांच्या खरादावर बसतो. पहिल्यांदा एक लाटणं कातलं. मामांनी बघून ते गुपचूप बाजूला ठेवलं, दोरीला टांगलं नाही. नागपूरच्या खेळाडूला बटणाची काठी गेली. आधी त्याने बटणावरून कुरकुर केली, मग काही दिवसांनी दोन मित्रांच्या मागण्या घेऊन त्याचाच फोन आला. गटातल्या कोणीतरी विचारलं की तुम्हा दोघांत आता मोठा कारागीर कोण. उस्तादांनीच लिहिलं, असा सवाल करणाऱ्याने आधी एक काठी करून दाखवावी.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं डोंगराकडच्या एका गावात धामण शोधायला गेलो. एका घरी माळ्यावर जुन्या कावडी आहेत असं कळलं होतं. घरच्या आजीबाईंना आम्ही हे लाकूड कशाला नेतोय ते काही केल्या पटेना. मामा त्यांना समजावत होते, "आजी, याच्या काठ्या करायच्या. शहरात पोरं टेबलावर गोट्या खेळत्यात, त्याला."

"टेबलावर गोट्या," आजी म्हणाल्या, "आन त्याला एवढी लांब काठी?"

शेवटी दोन्ही कावडी मिळाल्या. मोटारसायकलवर मामा मागे, दांडे आडवे त्यांच्या मांडीवर, त्यामुळे समोरून येणारी वाहनं आम्हाला लांबूनच जागा देत होती. कपाशीच्या शेतांमधून येताना मामा मागून मला विचारत होते, उस्तादांना एक दांडा पाठवायचा तर पार्सलवाला एवढा लांब घेईल का. मी म्हटलं, घेईल, मी बोलतो त्याच्याशी.

ते दांडे आता माझ्या शेडमध्ये टांगलेत. यांना जे वाकायचं ते वाकून झालंय असं मामा म्हणतात, तरी मी उन्हाळा जाईपर्यंत हात लावणार नाही, माझी सवय मोडत नाही. मामांना ते मान्य आहे. येतात तेव्हा पिशवी खाली ठेवतात, बायकोला पाणी मागतात, आणि पाणी येईपर्यंत एकेक दांडा नखाने वाजवून ऐकत उभे राहतात.